पहाटे साडेपाचची मालिका

बोरी बुद्रुकमध्ये मी केबल सुरू केली ती अठ्ठ्याण्णव साली. घर आमचं नारायणगावला. वडिलांचं, म्हणजे खेमचंदशेठचं, पेठेत कापडाचं दुकान होतं आणि मी थोरला म्हणून गादीवर बसावं असं त्यांना वाटे. पण मला मीटरनं कापड फाडण्यापेक्षा मीटरनं वायर ओढायची गोडी. बोरीत दूध डेअरीच्या माडीवर एक खोली घेतली, गच्चीवर छत्र्या बसवल्या आणि विजेच्या खांबांवरून, चिंचांवरून, एका ठिकाणी तर देवळामागच्या पिंपळावरून घरोघर वायर नेली.

तेव्हापासून गावाच्या लेखी टीव्ही म्हणजे मीच. पावसाचा अंदाज चुकला तरी लोक मला विचारत. सिनेमात हिरो मेला तर दुसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी म्हणे, "कल्पेशशेठ, काल लई वंगाळ पिक्चर लावला राव." सुरुवातीला मी समजावून सांगायचो, की बाबांनो, पिक्चर वरून येतो, मी फक्त वायर ओढतो. मग सोडून दिलं. चांगला पिक्चर लागला की कौतुकही माझंच व्हायचं, ते मी गपचूप घेत होतोच की.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते दोन हजार तीनच्या जूनपर्यंत.

त्या वेळी 'मोरपीस' नावाच्या वाहिनीवर 'दारातला पाहुणा' ही मालिका लागायची. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसातला. गोष्ट साधी होती. इरावती नावाची एक शिक्षिका. तिचा नवरा सुधाकर बोटीवर नोकरीला जातो आणि बोट बुडते. सात वर्षांनी एक दाढीवाला माणूस दारात उभा राहतो आणि म्हणतो, मीच सुधाकर. आंधळी सासू आवाज ऐकून त्याला पोटाशी धरते. इरावतीला मात्र खात्री वाटत नाही. झालं. हा खरा सुधाकर की तोतया, एवढ्या एका प्रश्नावर दोनशे भाग निघाले होते आणि अख्खी बोरी त्या प्रश्नावर दुभंगली होती.

खरा म्हणणाऱ्यांची पुढारी साळुबाई. भिमाजींची बायको, साठीला टेकलेली, चार म्हशी आणि दीड एकर टोमॅटो सांभाळणारी. लिहिता-वाचता येत नसे, पण मालिकेतल्या कोणाचं कोणाशी काय नातं हे तिला तोंडपाठ. तोतया म्हणणाऱ्यांची पुढारी अंजना, शेजारच्या मळ्यातली. दोघी एकाच सरीत टोमॅटो तोडायच्या आणि दिवसभर याच विषयावर भांडायच्या. संध्याकाळी परत शेजारी बसून मालिका बघायच्या.

जूनच्या एका सोमवारी साडेसातला 'दारातला पाहुणा' लागलाच नाही. त्या जागी नाचाची स्पर्धा सुरू झाली. पाच मिनिटांत माझ्या खोलीतला फोन वाजला.

"कल्पेश, आमची मालिका कुठं ठिवली रं?" साळुबाई.

"मावशी, वाहिनीनं वेळ बदलली. आजपासून दुपारी दीडला."

"दीडला आमी वावरात असतो. दीडला कोण बघणार, म्हशी?"

"मी नाही बदलली मावशी. वरून बदलली."

"मग वरच्यांना सांग, जिथली व्हती तिथं ठिव म्हणावं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बायका डेअरीसमोर उभ्या. मला काही सुचेना. शेवटी एक युक्ती केली. दुपारी दीडचा भाग व्हीसीआरवर टेप करायचा आणि संध्याकाळी साडेसातला माझ्याकडच्या एका रिकाम्या चॅनलवर लावायचा. आठ दिवस मी गावाचा राजा होतो. साळुबाईनं घरचं तूप धाडलं. नवव्या दिवशी वाहिनीचा एक माणूस पुण्याहून जीप घेऊन आला. म्हणाला, हे बेकायदेशीर आहे, परत केलंत तर वाहिनी दाखवणारा आमचा डबा काढून नेऊ. मी विचारलं, "साहेब, मग साडेसातला तुम्हीच का लावत नाही?" तो म्हणाला, "ते माझ्या खात्यात येत नाही."

तेव्हापासून गाव शिळ्या बातम्यांवर जगू लागलं. बाळंतीण, पाय मोडलेला, शाळेला सुट्टी असलेला, जो कोणी दुपारी घरी असेल त्याच्याकडून संध्याकाळी काय घडलं ते ऐकायचं. त्यातही दुपारची वीज जायची ती जायचीच.

गणपतीनंतर वाहिनीनं मालिका शनिवार-रविवार सकाळी दहाला नेली. का नेली ते कोणालाच कळलं नाही. पण निदान शनिवारी-रविवारी लोक तासभर घरी थांबायला लागले, आणि तेवढ्यात नवीनच घोळ झाला. एका शनिवारी मालिकेतली आंधळी सासू वारली. फोटोला हार घातला, इरावती रडली, दाढीवालाही रडला. साळुबाई त्या दिवशी जेवली नाही, असं भिमाजींनीच मला सांगितलं. रविवारी टीव्ही लावला तर सासू झोपाळ्यावर बसून बेसनाचा लाडू खात होती. पुढच्या शनिवारी ती आजारी पडली.

त्या आठवड्यात मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. डेअरीचा सेक्रेटरी सयाजी, एरवी शहाणा माणूस, तोही गंभीर चेहरा करून म्हणाला, "शेठ, वायर उलटी तर न्हाई ना जोडली? मागचं फुडं आन् फुडचं मागं येतंय म्हणून म्हणतो."

दिवाळीनंतर तर मालिका बंदच झाली. अगदी अडनिड्या जागी. सासूचं तेरावं होतं, इरावती माळ्यावरची सुधाकरची जुनी ट्रंक खाली काढते, कुलूप तोडते, झाकण उघडते आणि आत बघून मागे सरकते. तिथं भाग संपला. पुढच्या शनिवारी दहाला त्या जागी एक माणूस भाग्योदयाच्या अंगठ्या विकत होता. रविवारीही तोच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच.

महिनाभर वाट बघून साळुबाई एके दिवशी सकाळीच डेअरीच्या माडीवर चढून आली. मागे अंजना.

"कल्पेश, हे वरचे लोक राहत्यात कुठं?"

"मुंबईत. अंधेरीला त्यांचं ऑफिस आहे."

"पत्ता हाय का तुझ्याकडं?"

डब्याच्या करारावर पत्ता होता. मी म्हणालो, आहे.

"मग बुधवारी जाऊ. बुधवारी पाण्याची पाळी न्हाई."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण बुधवारी भल्या सकाळी दोघी आळेफाट्यावर माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. साळुबाईच्या पिशवीत भाकरी-ठेचा आणि भाजलेल्या शेंगांचं गाठोडं, अंजनाच्या अंगावर लग्नकार्यात नेसायची साडी. मी घरी बायकोला, खुशबूला, सगळं सांगून निघालो होतो. ती एवढंच म्हणाली, "जा, म्हणजे तुम्ही तरी सुटाल एकदाचे." माळशेज घाटात अंजनाला मळमळलं, तेवढा वेळ सोडला तर दोघी वाटभर त्या ट्रंकेवरच बोलत होत्या. साळुबाईच्या मते ट्रंकेत पत्रं. अंजनाच्या मते दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो.

विचारत विचारत अंधेरीला पोचायला दुपार झाली. काचेची इमारत, दारात पहारेकरी. त्यानं मला थांबवलं, "अपॉइंटमेंट है?" मी खिसे चाचपायला लागलो. तेवढ्यात आतली टेबलावरची मुलगी दोघींकडे बघून म्हणाली, "ऑडियन्स का?"

साळुबाईनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणती?"

"प्रेक्षक का, असं विचारतायत."

"व्हय," साळुबाई तिला म्हणाली. "आमी पहिल्यापासून बघतोय."

"चौथा मजला. लवकर जा, शूटिंग सुरू होतंय."

नाचाच्या स्पर्धेला टाळ्या वाजवायला माणसं बोलावतात, त्यातली ही मंडळी, असं तिला वाटलं हे मला कळलं होतं. पण मी गप्प राहिलो. चौथ्या मजल्यावर डावीकडे मोठी रांग होती. साळुबाईला रांग आवडत नाही. ती उजवीकडे वळली आणि पहिलं जे दार दिसलं ते उघडलं.

आत एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी एकटीच डबा खात बसली होती. तिच्या मागे भिंतभर मोठा फळा, त्यावर उभ्या-आडव्या रेघा आणि चौकटीचौकटीत रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. वर वारांची नावं, बाजूला वेळा. मला बघताक्षणी कळलं, आपण नेमके हव्या त्या खोलीत आलो आहोत.

"कोण पाहिजे तुम्हाला?" तिनं विचारलं.

"जेव तू, पोरी. आमी थांबतो," साळुबाई म्हणाली आणि खुर्ची असून जमिनीवर टेकली.

मग काय, ती मुलगीही डबा घेऊन खाली बसली. नाव इंद्रायणी. कोणता कार्यक्रम कुठल्या वेळेला लागणार त्याच्या चिठ्ठ्या फळ्यावर लावायचं काम तिच्याकडे होतं. आम्ही बोरीहून आलो आणि कशासाठी आलो हे ऐकल्यावर तिचा घास हातातच राहिला.

"एका मालिकेसाठी तुम्ही एवढ्या लांबून आलात?"

"मग कोणासाठी येणार? आमचं कोन हाय हितं?" अंजना म्हणाली. "साडेसातची मालिका दुपारी का नेली, ते सांगा आधी."

इंद्रायणीनं फळ्याकडे बघितलं. "साडेसातला समोरच्या वाहिनीनं खूप मोठी मालिका आणली. म्हणून आपली काढून नाचाची स्पर्धा टाकली."

"भिऊन?" साळुबाईनं विचारलं.

"आमच्याकडे त्याला धोरण म्हणतात, आजी."

"आणि सासू मेली, मग लाडू खाल्ला, ते?"

ती लाजली. "टेपांवरचे नंबर चुकले होते. मी तेव्हा रजेवर होते."

"आन् बंद का केली?"

"दर शुक्रवारी आकडे येतात. शहरांतल्या काही घरांत टीव्हीला एक डबा जोडलेला असतो. त्या घरात काय बघतात ते त्यात नोंदवलं जातं. त्या आकड्यांत ही मालिका कोणीच बघत नव्हतं."

"आमच्या गावात कोनाकडं हाय तसला डबा?" साळुबाईनं मला विचारलं. मी मान हलवली.

"गावांत नाही बसवत," इंद्रायणी म्हणाली.

"म्हंजी आमी बघत व्हतो ते?"

"तुम्ही बघत होता, आजी. पण आम्हाला दिसत नव्हता."

साळुबाईनं गाठोडं सोडलं आणि तिच्यापुढे शेंगा ठेवल्या.

"हे सगळं ठरवतं कोण? तू?"

"मी नाही. मीटिंग ठरवते."

"कुठं बसती ती बाई? तिलाच भेटतो."

इंद्रायणी इतकी हसली की तिला ठसका लागला. "मीटिंग म्हणजे बाई नाही. आठ माणसं बसतात टेबलाभोवती."

"बरं. मग त्या आठ जणांतल्या एकाला तरी विचारून सांग. तो दाढीवाला खरा सुधाकर का न्हाई? आन् ट्रंकंत काय व्हतं? तेवढं कळलं की आमी जातो."

इंद्रायणीनं शेंग सोलायची थांबवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आजी, त्यांच्यापैकी कोणी ती मालिका बघितलेलीच नाही. मीसुद्धा नाही. मी फक्त चिठ्ठ्या लावते."

साळुबाईच्या चेहऱ्यावर मी राग येईल म्हणून बघत होतो. राग नव्हता. एखाद्या घरात पाहुणा म्हणून जावं आणि घरमालकालाच चूल कुठं आहे ते माहीत नसावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

"पुढचे भाग तयार आहेत," इंद्रायणी घाईनं म्हणाली. तिला आमचं वाईट वाटलं असावं. "एकोणीस भाग आहेत, गोष्ट संपेपर्यंतचे. मालिका बंद करायचं ठरलं तेव्हा शूटिंग पूर्ण झालं होतं. शेजारच्या खोलीत कपाटात पडून आहेत." ती उठून गेली आणि हातात एक जाड टेप घेऊन आली. "हा शेवटचा भाग. आपल्याकडे मशीन आहे. बघायचा का आत्ता?"

अंजना उभीच राहिली. खरं सांगतो, मीही उभा राहिलो. सहा महिने शिव्या खाल्ल्या होत्या मी.

"खाली बसा दोघं," साळुबाई म्हणाली. "मधले अठरा सोडून शेवटचा बघायचा? जेवायच्या आधी विडा खायचा का? आन् आपण तिघांनी बघून गावात सांगितलं, तर कोन खरं मानंल? ही म्हणंल एक, मी म्हणंन दुसरं. सगळ्यांनी बघाय पायजे, सगळे भाग एकामागनं एक."

"पण आजी, मला जागाच नाही." इंद्रायणीनं फळ्याकडे हात केला. सगळ्या चौकटी भरलेल्या.

साळुबाईला वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठ्यांचे रंग दिसत होते. ती फळ्याजवळ गेली आणि अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं सलग पांढऱ्या चिठ्ठ्या होत्या.

"हे काय हाय?"

"पहाटे साडेपाच. तिथं जुन्या जाहिराती फिरवतो. त्या वेळेला कोणी जागं नसतं."

साळुबाईनं माझ्याकडे बघितलं, अंजनाकडे बघितलं.

"आमी असतो की," ती म्हणाली.

इंद्रायणी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. "या ओळीत काय लागतं हे वर्षभरात कोणी विचारलेलं नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "इथं मीटिंग लागत नाही." तिनं टेबलावरून हिरव्या चिठ्ठ्या घेतल्या आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाचही पांढऱ्या चिठ्ठ्या काढून त्या जागी लावल्या. "जानेवारीच्या पाच तारखेपासून. चालेल?"

"नंबरवार लाव, पोरी," साळुबाई म्हणाली. "म्हातारीला परत उठवू नको."

पाच जानेवारीला थंडी अशी होती की मोटारसायकलच्या हँडलवर बोटं चिकटत होती. नारायणगावहून निघून मी पाचला डेअरीवर पोचलो आणि सगळी यंत्रं चालू केली. माझी अर्धी खात्री होती की अंगठीवालाच दिसेल. पण बरोबर साडेपाचला 'दारातला पाहुणा' सुरू झाला, ट्रंकेच्या झाकणापासून. ट्रंकेत एका बाईचा फोटोही होता आणि पत्रंही होती, त्यामुळे पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटलं.

अडचण एकच होती. साडेपाच ही धार काढायची वेळ. पहिल्या दिवशी बायकांनी एक डोळा टीव्हीवर आणि एक गोठ्यात असं केलं, आणि त्याचा परिणाम दुधावर झाला. मग सयाजीनं डोकं चालवलं. त्यानं आपल्या घरचा टीव्ही डेअरीत आणून कॅनच्या फळीवर ठेवला आणि सांगून टाकलं: ज्यांनी साडेपाचच्या आत दूध घातलं, त्यांनी बसून बघावं. दोन दिवसांत गावानं धारेची वेळ पाऊण तास अलीकडे आणली. म्हशींना ते पटायला वेळ लागला. भिमाजींची एक म्हैस तर दोन दिवस पान्हवलीच नाही. मळ्यात राहणारे लोक बिबट्याच्या धास्तीनं घोळक्यानं बॅटऱ्या मारत यायचे. सव्वापाचला डेअरीच्या पायरीवर कॅनांची रांग, आत घोंगड्या पांघरून पन्नास-साठ माणसं आणि मधे सयाजीचा टीव्ही. इतक्या लवकर दूध गोळा झालेलं त्या डेअरीनं कधी पाहिलं नव्हतं. टेंपोवाला येईपर्यंत सयाजी मिशा पुसत मोकळा.

आठवडाभरानं ओतूरच्या केबलवाल्याचा मला फोन आला. "कल्पेशभाऊ, तुमच्याकडं बी पहाटं बघत्यात का? हितं लोक मला झोपू देईनात." मग कळंबचा आला. मग संगमनेरकडचा. जिथं जिथं सकाळी दूध गोळा होत होतं, तिथं तिथं दाढीवाला पोचला होता. मी इंद्रायणीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "मीपण उठते आता. गजर लावते." तिच्या आवाजात खुशी होती.

पण एका शुक्रवारी तिचाच फोन आला, आणि आवाज वेगळा होता.

"कल्पेशदादा, घोळ झालाय. कोणीतरी पत्रं पाठवली मालिका आवडते म्हणून. ती मीटिंगमध्ये गेली."

"मग चांगलं झालं की."

"कसलं चांगलं? साडेपाचला लोक जागे असतात हे त्यांना कळलं. म्हणून त्यांनी ती वेळ भविष्यवाल्याला दिली. येत्या बुधवारपासून."

मी बोटं मोजली. सतरा भाग मंगळवारी संपत होते. दोन उरत होते. अठरावा आणि शेवटचा.

हे गावात सांगायला मी साळुबाईच्या घरी गेलो. अंजना तिथंच होती. मी सांगितलं तसं अंजनानं कपाळाला हात लावला. "लोक बघत न्हवते म्हणून बंद केली. आता लोक बघत्यात म्हणून बंद करत्यात. ह्या मान्सांना पायजे तरी काय?"

साळुबाई कांद्याची रोपं निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "त्या पोरीला फोन लाव. इचार, पाचला काय हाय?"

मी लावला. पलीकडे थोडा वेळ नुसता कागदाचा आवाज आला.

"पाचला अजून पांढऱ्या चिठ्ठ्या आहेत," इंद्रायणी म्हणाली, आणि दोघींनाही ऐकू जाईल एवढ्यानं हसली. "पाचचं अजून कोणाला माहीत नाही. मी लावते. आणि आजींना सांगा, शेवटच्या भागाला मी येतेय तिकडे. सुट्टी टाकलीय. मला तो इथं एकटीनं नाही बघायचा."

म्हणजे म्हशींना परत अर्धा तास अलीकडे उठवायचं. भिमाजी, जे धारेच्या वेळेवरून आजवर एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "आता निजतानाच धार काढून ठिवतो, म्हंजी प्रश्न मिटला."

बुधवारी संध्याकाळी इंद्रायणी आली. साळुबाईकडेच उतरली. गुरुवारी साडेचारला डेअरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कधी मालिका न बघणारेही आले होते. मुंबईची पोरगी जिनं मालिका सोडवून आणली ती कशी दिसते, हे बघायला काहीजण आले असावेत. तिला टीव्हीसमोर पोत्यावर बसवलं होतं, एका बाजूला साळुबाई, दुसऱ्या बाजूला अंजना. सोबत सयाजीनं गरम दूध दिलं.

पाचला भाग सुरू झाला. दाढीवाला सामान बांधून निघालेला असतो. इरावती त्याला दारात अडवते. ती म्हणते, जाण्याआधी एकदा खरं सांग. तो खाली बघतो आणि कबूल करतो की तो सुधाकर नाही. त्याच बोटीवरचा सोबती. सुधाकरनं मरताना आईचं नाव घेतलं, म्हणून तो निरोप द्यायला आला होता. पण आंधळ्या म्हातारीनं दारातच त्याला पोटाशी धरलं आणि त्याच्यानं निरोप देववला नाही.

अंजनानं साळुबाईकडे बघितलं. पण इरावतीचं बोलणं संपलं नव्हतं. ती म्हणते, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सासूबाईंना आणखी एक मरण दाखवायचं नव्हतं म्हणून मी बोलले नाही. आणि मला वाटतं, त्यांनाही कळलं होतं.

एवढं म्हणून ती दारातून बाजूला होते. तो जातो. ती दार लावत नाही. मालिका संपली.

इंद्रायणी डोळे पुसत होती. रोज दिवसभर ती असल्या मालिका इकडून तिकडे सरकवायची, आणि शेवटपर्यंत बघितलेली ही पहिलीच, असं तिनं नंतर मला सांगितलं.

"तोतया निघाला," अंजना म्हणाली. पण तिच्या आवाजात विजय नव्हता. "पर मानूस चांगला व्हता."

"मला कळलं व्हतं," साळुबाई म्हणाली.

"तुला? दोनशे भाग खरा खरा म्हणत व्हतीस की."

"म्हातारीसाठी म्हणत व्हते."

सगळी डेअरी हसली. साळुबाईनं पदरानं नाक पुसलं, तीही हसली. कोणीतरी मागून विचारलं, इरावतीनं दार का लावलं नाही? तो परत येणार म्हणून? त्यावर पुन्हा दोन तट पडले आणि सयाजीला ओरडून सांगावं लागलं की टेंपो आलाय, कॅन उचला.

इंद्रायणी त्या वाहिनीत पुढं दीड वर्ष होती. दर शुक्रवारच्या आकड्यांच्या कागदावर ती खाली पेनानं एक ओळ स्वतःच्या मनानं लिहायला लागली: ओतूर, कळंब, बोरी, डेअऱ्या. कोणी वाचलं की नाही, देव जाणे. मला मात्र तेव्हापासून गावात कोणी वायरीवरून बोललं नाही. काही आवडलं नाही तर लोक म्हणत, "कल्पेशशेठ, त्या मीटिंगला जरा समजावून सांगा."

शेवटचा भाग झाला त्या गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही तिला आळेफाट्यावर मुंबईच्या एसटीत बसवलं. साळुबाईनं शेंगा, चक्क्याचा डबा आणि कांद्याची एक पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. ती खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी सांगत होती. पण खाली उभ्या दोघींचं त्या दारावरून परत जुंपलं होतं. अंजना म्हणत होती की वारा यावा म्हणून उघडं ठेवलं, साळुबाई म्हणत होती की वाऱ्यासाठी कोणी दार उघडं ठेवत नाही, खिडकी कशाला असते. एसटी हलली, वळली, ओतूरच्या रस्त्याला लागली. दोघींना पत्ता नाही. शेवटी मीच हात हलवला.